सिगारेट सोडायची आहे: ॲप, घड्याळ की वेप?

प्रश्न थोडक्यात असा. कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणारे ३४ वर्षांचे गृहस्थ आहेत. दिवसाला १२ ते १५ सिगारेटी. बायकोने वाढदिवसाला स्मार्टवॉच दिलं आणि ‘आता सिगारेट बंद’ अशी अटही घातली. त्यांनी सिगारेट सोडवणारं ॲप घेतलं आणि दिवस मोजत गेले. नवव्या दिवशी रात्रपाळीत एक ओढली, ॲपचा आकडा शून्यावर आला आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा पाकीट खिशात. मग दुसरं ॲप घेतलं, परत तीच गत. आता पुण्याचा एक मित्र वेप, म्हणजे ई-सिगारेट, आणून द्यायला तयार आहे. त्यांना विचारायचंय की सर्वांत चांगलं ॲप कोणतं, घड्याळाचा खरंच काही फायदा होतो का आणि वेप घ्यावं का.

रात्रपाळीवाल्याला लांबलचक वाचायला वेळ नसतो, म्हणून आधी थेट उत्तर. वेप घेऊ नका. घड्याळ ठेवा, पण त्यातला ऑक्सिजनचा आकडा विसरा. ॲप कोणतंही चालेल, फक्त एक अट आहे, ती पुढे सांगतो. आणि तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात औषधाचं नाव कुठेच नाही. माझ्या मते गाडी तिथेच अडलीय.

मी मिरजेत छातीच्या ओपीडीत बसतो. हल्ली सिगारेट सोडायला येणारा तरुण माणूस बहुधा एखादं ॲप वापरून, हात टेकूनच आलेला असतो. त्याचा समज असा झालेला असतो की आपल्यात जिद्द नाही. रक्तातलं निकोटीन दोनेक तासांत निम्म्यावर येतं. म्हणून रोज पंधरा ओढणाऱ्याचा दिवस तासा-दीड तासाच्या हप्त्यांत वाटला जातो, आणि हप्ता चुकला की शरीर तगादा लावतं. बंद केल्यावर चिडचिड, भूक, झोपमोड, कामात लक्ष न लागणं हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जोरात असतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. तुम्ही भट्टीशेजारी काम करत, कसलंही औषध न घेता नऊ दिवस काढलेत. म्हणजे सर्वांत अवघड टप्पा तुम्ही पार केला होता. ती नवव्या दिवसाची एक सिगारेट खरं तर फार मोठी गोष्ट नव्हती. त्यानंतर स्क्रीनवर दिसलेल्या शून्यानं घात केला. ‘गेलंच सगळं, आता काय राहिलंय’ असं वाटलं की माणूस दुसरी पेटवतो.

म्हणून अट ही: एक ओढली तरी आधीचे दिवस पुसून न टाकणारं ॲप घ्या. चूक नोंदवता आली पाहिजे, ती कुठे आणि कशानं झाली हे त्यानं विचारलं पाहिजे आणि मोजणी पुढे चालू राहिली पाहिजे. त्याहून चांगलं म्हणजे, तलफ आली पण ओढली नाही, अशा वेळांची नोंद ठेवणारं ॲप. अमेरिकेत सिएटलच्या फ्रेड हच कर्करोग केंद्रातल्या संशोधकांनी २०२० मध्ये २,४१५ लोकांवर दोन ॲपची तुलना प्रसिद्ध केली. ‘क्विटगाइड’ हे नेहमीच्या पद्धतीचं ॲप: तलफ टाळा, मन दुसरीकडे वळवा. ‘आयकॅनक्विट’ हे दुसरं ॲप शिकवायचं की तलफेशी भांडू नका. ती आली हे ओळखा, अंगावरून जाऊ द्या आणि जाऊ दिल्याची नोंद करा. एक वर्षानं विचारलं तेव्हा मागचे ३० दिवस सिगारेट न ओढलेले लोक पहिल्या ॲपवर २१.१ टक्के होते, दुसऱ्यावर २८.२ टक्के. फरक लहान वाटेल, पण फुकटच्या ॲपकडून एवढं मिळणं मोठं आहे. ‘आयकॅनक्विट’ इंग्रजीत आहे. इंग्रजीचा कंटाळा असेल तर साध्या वहीत मराठीत तीच नोंद करा, काम तेच होतं.

‘तुमची फुप्फुसं १८ टक्के बरी झाली’ असं सांगून बिल्ले वाटणाऱ्या ॲपकडे मात्र हसून बघा. फोनला तुमचं फुप्फुस दिसत नाही, ते सगळं कॅलेंडरवरून केलेलं गणित असतं. आकडाच हवा असेल तर ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासातला घ्या. सिगारेट साठीत सोडली तर सरासरी ३ वर्षं आयुष्य वाचतं, पन्नाशीत ६, चाळिशीत ९ आणि तिशीत सोडली तर जवळजवळ १०. तुम्ही ३४ चे आहात.

आता ॲपपेक्षा उपयोगी पडणारी गोष्ट सांगतो. ती तुमच्या फोनमध्ये आधीपासूनच आहे आणि तिला कुणी सिगारेट सोडायचं साधन म्हणत नाही. यूपीआयचा हिशेब.

सांगली मार्केट यार्डातले हळदीचे एक अडते माझ्याकडे यायचे. ‘डॉक्टर, सौदे चालू असले की टेन्शन असतं, म्हणून ओढतो,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एक दिवस त्यांना म्हटलं, फोन काढा, मागच्या आठवड्याचे पैसे कुणाला गेले ते दाखवा. ते टपरीवरून सुट्टी सिगारेट घ्यायचे आणि प्रत्येक वेळी स्कॅन करायचे. राज्यात २०२० पासून सुट्टी सिगारेट-बिडी विकायला बंदी आहे, पण टपरीला ते कोण सांगणार. आम्हाला मात्र त्या सुट्ट्या खरेदीचा फायदाच झाला, कारण एकेका सिगारेटीची वेळ मिनिटासकट फोनमध्ये बसलेली होती. यादी खाली सरकवत गेलो. सौद्यांच्या ऐन धांदलीत, सकाळी, एकही खरेदी नाही. धांदल संपल्यावर आधी चहावाल्याला पैसे आणि दोन-चार मिनिटांत टपरीला. दुपारी तसंच. संध्याकाळी पेढी बंद करताना पुन्हा चहा, पुन्हा टपरी. टेन्शनचा पत्ताच नव्हता, सिगारेट चहाला चिकटली होती. ते स्वतःच म्हणाले, ‘अहो, ही तर चहाची उधारी दिसतेय.’ मग एवढंच ठरलं की चहा पेढीवरच मागवायचा, गादीवर बसून प्यायचा, यार्डाच्या गेटपर्यंत जायचंच नाही. निकोटीनचा चघळायचा गमही सुरू केला. दिवसातल्या निम्म्या सिगारेटी कशामुळे होतात हे त्या यादीनं दाखवलं. एरवी तासभर बोलूनही ते आम्हा दोघांच्या लक्षात आलं नसतं.

तुम्हीही हेच करा. सोडायची तारीख ठरवायच्या आधी एक आठवडा नेहमीसारखं चालू द्या, फक्त सुट्टी घेत असाल तर प्रत्येक वेळी स्कॅन करा. टपरीवर महिन्याचं खातं असेल किंवा पाकीटच घेत असाल तर यूपीआयमध्ये काही दिसणार नाही. मग ॲपमधलं बटण दाबा किंवा पाकिटावरच पेनानं वेळ लिहा. आठवड्याअखेरीस तुम्हाला दिसेल की पंधरातल्या तीन-चार सिगारेटी ठरलेल्या जागी, ठरलेल्या माणसांबरोबर आहेत आणि बाकीच्या त्यांच्यामागून आलेल्या आहेत. शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेरची पहिली, जेवणानंतरची, रात्री अडीच-तीनच्या ब्रेकमधली, अशा त्या असतील. त्या वेळांच्या पाच मिनिटं आधीचा गजर लावा आणि गजराच्या नावात नुसतं ‘सिगारेट नको’ असं लिहू नका. काय करायचं ते लिहा. ‘गम तोंडात’, ‘चहा कँटीनमध्येच’, ‘मागच्या गेटनं बाहेर’. तलफ तीन ते पाच मिनिटं टिकते. तेवढ्या वेळात हाताला, तोंडाला आणि पायांना दुसरं काम हवं असतं.

सिगारेटची टायमरवाली डबी, झुरके मोजणारे लायटर अशाही वस्तू मिळतात. त्यांच्यात पैसे घालवू नका. त्या हळूहळू कमी करण्यासाठी केलेल्या असतात, आणि २०१६ च्या एका ब्रिटिश चाचणीत ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांचा निकाल हळूहळू कमी करणाऱ्यांपेक्षा सरस आला: चार आठवड्यांनी ४९ टक्के विरुद्ध ३९ टक्के.

फोनचा सर्वांत भक्कम उपयोग मात्र जुनाच आहे, मेसेज आणि कॉल. ब्रिटनमध्ये ५,८०० लोकांवर झालेली चाचणी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. साधे एसएमएस, धीर देणारे, टिपा देणारे, तलफ आल्याचं कळवलं की लगेच उत्तर पाठवणारे. सहा महिन्यांनी लाळ तपासून खात्री केली, तेव्हा मेसेज मिळालेल्यांपैकी १०.७ टक्के सुटले होते, न मिळालेल्यांपैकी ४.९. कॉक्रेन या संस्थेनं २०१९ मध्ये असे सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही मेसेजमुळे सुटण्याचं प्रमाण साधारण दीडपट झालेलं दिसलं, तर ॲपबद्दल ठाम बोलण्याइतका पुरावा नव्हता. आपल्याकडे केंद्र सरकारची एसएमएस योजना २०१६ पासून आहे, ०११-२२९०१७०१ या नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा. आणि तुमच्या सिगारेटच्या पाकिटावर, त्या भयंकर फोटोजवळ, एक नंबर छापलेला असतो: १८००-११-२३५६. ही राष्ट्रीय क्विटलाइन, फुकट. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतो आणि तो मराठीतून बोलतो. मराठीचं काम मुंबईच्या टाटा मेमोरियलकडे आहे. ते तारीख ठरवून घेतात आणि नंतर स्वतः फोन करून विचारपूस करतात. तोच नंबर रोज पंधरा वेळा हातात धरूनही लोक मला विचारतात, ‘डॉक्टर, असं कुणी बोलायला मिळतं का?’

रात्री मात्र ही लाइन बंद असते, आणि तुमची अडचण रात्रीची आहे. त्यासाठी आपल्याच शिफ्टमधला एक माणूस धरा, शक्यतो न ओढणारा किंवा पूर्वी ओढून सोडलेला. त्याला आधीच सांगून ठेवा की ब्रेकमध्ये मी तुझ्याबरोबर बसणार. बायकोला रात्री तीनला फोन करू नका आणि घड्याळाची माहिती रोज तिला दाखवायचं कबूल करू नका. भेट प्रेमानं दिलेली आहे, पण घरातलं माणूस एकदा फौजदार झालं की लपवाछपवी सुरू होते, आणि लपवलेली सिगारेट सुटायला सर्वांत अवघड. वहिनींकडून एवढंच घ्या की पहिले तीन आठवडे तुमच्या चिडचिडीला त्या सिगारेटच्या खात्यावर टाकतील.

घड्याळाचा उपयोग कुठे आहे आणि कुठे फसगत आहे, ते नीट समजून घ्या.

कोविडच्या काळापासून घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आणि आता घड्याळातही तो आकडा दिसतो. सिगारेट ओढणारे माझ्यासमोर मनगट पुढे करून म्हणतात, ‘बघा, ९८ आहे, माझं फुप्फुस ठणठणीत.’ सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकारच्या प्रकाशावर चालणाऱ्या या यंत्रांना ऑक्सिजननं भरलेलं हिमोग्लोबिन आणि मोनॉक्साइडनं अडवलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. दोन्ही लालच दिसतात. भरपूर ओढणाऱ्याच्या रक्तात ५ ते १० टक्के हिमोग्लोबिन असं अडकलेलं असू शकतं आणि तरी आकडा ९८ दाखवला जातो. तेव्हा त्या ९८ वर विसंबून राहू नका.

नाडी मात्र खरी बोलते. निकोटीन हृदयाचे ठोके वाढवतं, त्यामुळे सिगारेट बंद झाल्यावर थोड्याच दिवसांत विश्रांतीच्या वेळची नाडी खाली येते. सोडण्याआधीच्या आठवड्याची सरासरी आणि नंतरच्या दोन आठवड्यांची सरासरी शेजारी ठेवून बघा. रोजचा आकडा बघू नका, पाळी बदलली, झोप कमी झाली, ताप आला की तो हलतोच. आमच्या साताऱ्याकडच्या धावणाऱ्या मंडळींना हा उतरता आलेख फार आवडतो. दरवर्षी हिल मॅरेथॉनच्या आधी दोघे-चौघे तरी सिगारेट सोडायला येतात आणि बिल्ल्यांपेक्षा त्या आलेखावर टिकतात.

झोपेच्या आकड्याबद्दल आधीच सावध करतो. सोडल्यावर पहिल्या आठवड्यात घड्याळ झोपेला कमी गुण देईल. त्यात निकोटीनचा भाग आहेच, पण दुसरं कारण चहा-कॉफी. धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातलं कॅफिन जाळणारं एन्झाइम जोरात चालतं. धूर बंद झाला की त्याचा वेग उतरतो, आणि पूर्वीइतकाच चहा प्याला तरी रक्तात कॅफिन जास्त राहतं. मग धडधड, हात थरथरणं, डोळ्याला डोळा न लागणं. माणूस समजतो सिगारेट सोडल्याचा त्रास होतोय, आणि एक पेटवतो. दिवसाला पाच-सहा चहा होत असतील तर सोडायच्या दिवसापासून ते निम्म्यावर आणा. दम्यासाठी थिओफिलिन किंवा काही मानसिक आजारांची औषधं चालू असतील तर याच कारणानं डॉक्टरांना सिगारेट सोडत असल्याचं सांगावं लागतं, त्यांना मात्रा बदलावी लागू शकते.

हाताच्या हालचालीवरून झुरका ओळखणारं घड्याळ येणार का, असंही काही जण विचारतात. ब्रिस्टल विद्यापीठात असं काम झालंय: हात तोंडाकडे गेला, ठराविक वेळ थांबला, खाली आला, की घड्याळ मेसेज दाखवतं. कल्पना चांगली आहे. सांगलीत भडंग खाताना ते किती वेळा वाजेल हे मला पाहायला आवडेल.

श्वासातला मोनॉक्साइड मोजायचं छोटं यंत्र मात्र सिगारेट सोडण्याच्या कामातलं माझं सर्वांत आवडतं उपकरण. पेशंटला दीर्घ श्वास घेऊन १५ सेकंद रोखायला सांगायचं, मग नळीत सावकाश, पोट आत जाईपर्यंत फुंकायचं. पडद्यावर आकडा चढायला लागतो आणि फुंकणाऱ्याची नजर त्यावरून हलत नाही. न ओढणाऱ्याचा आकडा साधारणपणे १० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत मोनॉक्साइडचे किती भाग, ते माप) खाली, बहुतेकदा ६ च्याही खाली असतो. ओढणाऱ्याचा १५, २०, ३०. या आकड्याची गंमत म्हणजे तो लगेच उतरतो. रक्तातला मोनॉक्साइड चार-पाच तासांत निम्मा होतो आणि एक-दोन दिवसांत न ओढणाऱ्यासारखा. सोमवारी २२, बुधवारी ४. एवढ्या लवकर दिसणारा पुरावा दुसऱ्या कुठल्याच तपासणीत मिळत नाही. फोनला जोडून घरी वापरायची अशी यंत्रंही निघाली आहेत, पण स्वस्त नाहीत. त्यापेक्षा तपासणीला येऊन फुंकून जाणं बरं.

तुमच्या बाबतीत दोन अडचणी. एक, तुम्ही भट्टीजवळ काम करता, आणि तिथेही मोनॉक्साइड असतो. पाळी संपल्यावर लगेच फुंकलंत तर सिगारेट न ओढताही आकडा जास्त येऊ शकतो आणि तुम्ही विनाकारण खोटे ठराल. सुट्टीच्या दिवशी मोजा. न ओढता तुमचा आकडा कामावरून आल्यावर नेहमीच वर येत असेल तर तो सिगारेटचा विषय राहत नाही, कारखान्यातल्या हवेचा होतो, आणि सुपरवायझरच्या कानावर घालायलाच हवा.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. धूर नसलेला तंबाखू या यंत्राला दिसत नाही, घड्याळाला दिसत नाही आणि बहुतेक परदेशी ॲपना त्याची कल्पनाच नसते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते आणि २४.४ टक्के बिनधुराचा तंबाखू घेत होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी मावा, चुना-तंबाखू, मिसरी आपल्या सांगली-सातारा जिल्ह्यांत घरोघर आहे. कारखान्यात शॉप फ्लोअरवर ओढता येत नाही म्हणून गालात तंबाखू धरणारे मी पुष्कळ पाहतो. सिगारेट सोडली आणि तंबाखूची डबी धरली, तर ॲप ‘२१ दिवस, अभिनंदन’ म्हणतं, मोनॉक्साइड ३ येतो आणि तोंडाच्या कॅन्सरची टांगती तलवार तशीच राहते. तुम्ही प्रश्नात तंबाखूचा उल्लेख केला नाहीत. नसेल तर उत्तम. असेल तर दोन्हीची तारीख एकच ठेवा.

आता औषध. जागतिक आरोग्य संघटनेनं जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात मेसेज, ॲप वगैरेंना जागा आहे, पण जोडीला. मुख्य उपचार समुपदेशन आणि औषधं: निकोटीनचा गम आणि त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या, व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन, सायटिसिन.

मी पहिला प्रश्न हा विचारतो: सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात? अर्ध्या तासाच्या आत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम लागतो, नंतर असेल तर २ चा पुरतो. २ चा मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ चा चिठ्ठीवर. पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासांनी एक. तलफ येईपर्यंत वाट बघू नका. फोनचे गजर इथेच कामाला येतात.

गम ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी तो चुकीचा चावलेला असतो. पेपरमिंटसारखा भराभर चावला की निकोटीन पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते. सावकाश दहा-पंधरा वेळा चावा, तिखट लागलं किंवा झिणझिण्या आल्या की गालात ठेवून द्या, चव गेली की पुन्हा चावा, मग दुसऱ्या गालात. अर्धा तास हा खेळ चालतो. तंबाखू धरायची सवय असलेल्याला हे लगेच जमतं, फक्त त्याला थुंकू नको म्हणून सांगावं लागतं. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, कोल्ड्रिंक नको. तोंड आंबट असलं की निकोटीन गालातून शोषलं जात नाही. पट्टी आणि गम एकत्र वापरले तर एकट्या गमपेक्षा जास्त लोक सुटतात, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे.

व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करून बारा आठवडे घ्यायच्या असतात. मळमळ होते म्हणून जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर. स्वप्नं विचित्र पडतात, घाबरू नका. किडनीचा त्रास असेल तर मात्रा कमी लागते. ब्युप्रोपिऑन फिट येणाऱ्याला चालत नाही. या दोन्ही गोळ्या डॉक्टरांना दाखवूनच घ्यायच्या, मित्राच्या उरलेल्या पाकिटातून नाही.

वेपचं. त्याच्या बाजूनं जे आहे ते लपवत नाही. इंग्लंडमधल्या ८८६ लोकांवरच्या चाचणीत (२०१९) वर्षानंतर ई-सिगारेटवाल्यांतले १८ टक्के सिगारेटपासून सुटले होते, गम-पट्टीवाल्यांतले ९.९ टक्के. पण सुटलेल्या वेपवाल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही वेप ओढतच होते. शिवाय ती वेप तिथल्या नियमांखाली विकली गेलेली, निकोटीन किती ते ठरलेलं, सोबत दर आठवड्याला समुपदेशन. आपल्याकडे २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं सगळ्यावर बंदी आहे, ‘आत निकोटीन नाही’ म्हटलं तरी. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे पुण्याहून येणारी वस्तू चोरवाटेची, आत काय भरलंय हे मित्रालाही माहीत नाही. आणि व्यवहारात मी बघतो ते असं की सिगारेट कामावर आणि वेप घरी, दोन्ही चालू.

एक छोटी गोष्ट राहिली. ॲपला खरं नाव, फोनबुक आणि लोकेशन देऊ नका. २०१९ मध्ये नैराश्य आणि सिगारेट सोडण्याची ३६ लोकप्रिय ॲप तपासली, तेव्हा त्यांतली २९ माहिती गूगल किंवा फेसबुककडे पाठवत होती आणि अनेकांनी ते वापरणाऱ्याला सांगितलेलंही नव्हतं.

तारीख ठरवताना रात्रपाळीचा आठवडा टाळा. पहिल्या पाळीच्या सोमवारी सुरू करा, म्हणजे रात्रपाळी येईपर्यंत सर्वांत वाईट दिवस मागे पडलेले असतील. त्या रात्री ब्रेकच्या आधीच गम तोंडात असू द्या. त्यातूनही एक ओढली गेलीच, तर ॲपमध्ये वेळ आणि जागा लिहा, पाकीट विकत घेऊ नका आणि पुढचा गम ठरल्या वेळी घ्या.

दाखवायला यायचं असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात जा किंवा जवळच्या छातीच्या डॉक्टरांकडे. रात्रपाळी करून थेट येऊ नका, सुट्टीच्या दिवशी या. खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल, थुंकीत रक्त दिसलं असेल किंवा चढावर छाती भरून येत असेल, तर तारखेची वाट न बघता याच आठवड्यात या. येताना यूपीआयची आठवड्याची यादी, घड्याळातली महिनाभराची नाडी आणि चालू औषधांची चिठ्ठी घेऊन या, आणि चुन्याची डबी असेल तर तीही.